रॅप्चर, खामगाव आणि वेस

२३ आणि २४ सप्टेंबर २०२५ या दोन दिवसांत जग संपणार नव्हतं, पण जगातली काही माणसं अचानक गायब होणार होती. दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाने एका मुलाखतीत सांगितलं होतं की, येशूने स्वतः दर्शन देऊन ही तारीख दिली. मग रील्स, शॉर्ट्स, मीम्स यांचा पूर आला. कोणी गाडी विकल्याचं सांगत होतं, कोणी मागे राहणाऱ्या नातेवाइकांसाठी कपाटात चिठ्ठ्या ठेवत होतं, बाकीचे हसत होते. २५ तारखेला सगळे होते तिथेच होते.

हसणं सोपं आहे. पण ज्या कथेवर विसंबून माणसं गाडी विकायला निघतात, ती कथा म्हणून कशी बांधली आहे हे मराठीत फारसं कोणी तपासलेलं नाही. आणि निदान बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाला तरी ही अमेरिकेतली लांबची भानगड वाटू नये. या जिल्ह्यातल्या जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचं मूळ या अपेक्षेतच आहे.

आधी थोडक्यात वाद काय आहे ते. येशू परत येणार, यावर बहुतेक सगळ्या ख्रिस्ती परंपरांचं एकमत आहे. भांडण आहे क्रमाचं. एक पक्ष म्हणतो, जगावर सात वर्षांचं महासंकट येईल, पण त्याच्या आधीच विश्वासणारे गुपचूप वर उचलले जातील, हाच रॅप्चर. दुसरा म्हणतो, संकटाच्या मध्यावर. तिसरा म्हणतो, संकट सगळ्यांनीच सोसायचं आहे, उचललं जाणं आणि येशूचं येणं एकाच क्षणी घडेल. सात वर्षं येतात दानीएलाच्या पुस्तकातल्या सत्तर सप्तकांपैकी शेवटच्या सप्तकातून, हजार वर्षांचं राज्य येतं प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातून, आणि उचललं जाणं येतं पौलाने थेस्सलनीका इथल्या मंडळीला साधारण इसवी सन ५० च्या सुमारास लिहिलेल्या पत्रातून. तीन वेगळ्या काळांतली, तीन वेगळ्या कारणांनी लिहिलेली पुस्तकं एका तक्त्यावर चिकटवली की वेळापत्रक तयार होतं. कॅथलिक आणि जुन्या मुख्य प्रवाहातल्या मंडळ्यांमध्ये हा तक्ता जवळजवळ दिसतच नाही.

तक्ता लोकप्रिय केला जॉन नेल्सन डार्बी या आयरिश-इंग्लिश धर्मोपदेशकाने, १८३० च्या दशकापासून. तो ज्या ब्रेदरन गटातला होता, तो पुढच्याच दशकात फुटला. प्लिमथमध्ये डार्बी आणि बेंजामिन न्यूटन यांच्यात अंतकाळाच्या क्रमावरून मतभेद होते. भांडण पेटलं आणि शेवटी वेगळ्याच आरोपांवर जाऊन फुटलं. ज्यांना एकत्र वर जायचं होतं, त्यांना खाली एका सभागृहात बसवेना. पुढे १९०९ साली आलेल्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटीपांनी डार्बीची मांडणी घराघरांत नेली. १९७० मध्ये हॅल लिंडसेने ‘द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ’मध्ये इस्राएलच्या १९४८ च्या स्थापनेपासून एक पिढी, म्हणजे चाळीसेक वर्षं, मोजून दाखवली. १९८८ आलं आणि गेलं.

मला जास्त रस आहे तो कादंबरीत. टिम लाहे आणि जेरी जेनकिन्स यांची ‘लेफ्ट बिहाइंड’ मालिका १९९५ मध्ये सुरू झाली, सोळा पुस्तकांपर्यंत गेली आणि तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या. सुरुवात जबरदस्त आहे: लंडनकडे निघालेलं जंबो विमान, रात्र, आणि अचानक कित्येक प्रवासी नाहीसे. सीटवर फक्त कपडे. वैमानिक रेफोर्ड स्टील याची श्रद्धाळू बायको घरून गेलेली, तो मात्र इथेच. इथपर्यंत कोणीही पान उलटत राहील. पण या पहिल्याच प्रसंगात कथेची गोची आहे. सिद्धान्त सांगतो की विश्वासणाऱ्याला संकट बघावं लागणार नाही. कादंबरीला मात्र संकटच हवंय, त्याशिवाय सोळा पुस्तकं भरायची कशाने? म्हणून जे निवडलेले, त्यांना पहिल्या काही पानांत रजा मिळते, आणि लेखकांचं सगळं लक्ष उरलेल्यांवर. वाचक ज्यांच्याबरोबर राहतो, ज्यांच्यासाठी घाबरतो, ते सगळे मागे राहिलेले. स्वर्गाबद्दलच्या या एवढ्या मोठ्या कथेला स्वर्गात काय घडतं ते सांगता येत नाही. माझ्या मते ही निव्वळ तांत्रिक अडचण नाही. रॅप्चरच्या कथेला गेलेल्यांचं सुख लागतच नाही. तिला लागते ती राहिलेल्यांची भीती, आणि ती भीती आपल्या पोटात उतरवून ती आपल्याला प्रार्थनेला बसवू पाहते.

‘मागे राहणे’ वाईट, हे तरी मूळ मजकुरात कुठून आलं? मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात दोन चित्रं आहेत: शेतात दोघे, एक नेला जातो, एक राहतो; जात्यावर दोघी, एक नेली जाते, एक राहते. रॅप्चरच्या उपदेशात हे हमखास येतं, आणि नेलेला तो भाग्यवान असं गृहीत धरलेलं असतं. पण त्याच्या अगदी आधी नोहाच्या पुराची आठवण आहे. पूर आला आणि त्याने बेसावध लोकांना वाहून नेलं. तिथे राहिला तो नोहा. म्हणजे या चित्रात राहणंच बरं असाही अर्थ निघतो. मूळ ग्रीकमध्ये पुराचं क्रियापद आणि शेतातलं क्रियापद वेगळं आहे, त्यामुळे हा मुद्दा निर्णायक नाही. पण ‘लेफ्ट बिहाइंड’ हे नाव वाटतं तेवढं पक्कं नाही, एवढं नक्की.

आता पौलाकडे. थेस्सलनीकाच्या लोकांनी त्याला तारीख विचारलेली दिसत नाही. त्यांची अडचण जास्त घरगुती होती: प्रभू यायच्या आधीच आमच्यातली काही माणसं मेली, त्यांचं हुकलं का? पौलाचं उत्तर असं की, उलट मेलेले आधी उठतील, मग जिवंत असलेले त्यांच्याबरोबर मेघांत नेले जातील, आणि सगळे प्रभूला भेटतील. म्हणजे रॅप्चरचा हा मूळ परिच्छेद शोकात बसलेल्या घरांना लिहिलेला आहे. त्यात कोणी मागे राहत नाही. कोणीच मागे राहिलेलं नाही हे सांगण्यासाठीच तो लिहिलाय. त्याच परिच्छेदातून विमानातल्या रिकाम्या सीट काढणं ही वाचनाची मोठी करामत आहे.

मराठी चर्चमध्ये या घटनेला सर्रास ‘उचलले जाणे’ म्हणतात. पौलाचा ग्रीक शब्दही असाच दांडगा आहे, झडप घालून हिसकावणे या अर्थाचा; योहानाच्या शुभवर्तमानात लांडगा मेंढरांवर झडप घालतो तिथे तोच वापरलाय. मराठीत ‘उचलला’ म्हटलं की आधी पोलीस आठवतात, हे वेगळं. पण त्याच वाक्यात दुसरा एक शब्द आहे, आणि प्रचलित मराठी बायबलने त्याचं भाषांतर प्रभूला ‘सामोरे’ होणं असं केलंय. इंग्रजीतल्या ‘मीट’मध्ये जे हरवतं ते इथे टिकून राहतं. नुसतं भेटणं वेगळं, सामोरं जाणं वेगळं. सामोरं जाणारा माणूस पाहुण्याबरोबर परत येतो.

ग्रीक शब्द ‘अपांतेसिस’. शहराकडे राजा किंवा मोठा अधिकारी येतोय म्हटल्यावर नागरिकांनी बाहेर जाऊन त्याला मानाने आत आणायचं, या रिवाजासाठी तो वापरला जाई, अशी मांडणी एरिक पीटरसन या जर्मन अभ्यासकाने १९३० मध्ये केली. नव्या करारातच आणखी दोन ठिकाणी तो आहे. दहा कुमारींच्या दाखल्यात मुली वराला सामोऱ्या जातात आणि त्याच्याबरोबर लग्नघरात शिरतात. प्रेषितांच्या कृत्यांत रोममधले बंधू पौलाला घ्यायला अप्पियाच्या पेठेपर्यंत येतात आणि त्याच्यासोबत रोमला परततात. पुढच्या अभ्यासकांनी पीटरसनला टोकलंही: दर वेळी हा शब्द म्हणजे ठरलेला समारंभ नव्हे, आणि भेटीनंतर मंडळी कुठल्या दिशेला जातात ते पौल सांगतच नाही. टोकणं रास्त आहे. तरीही तीन जागांपैकी दोन जागी माणसं बाहेर जाऊन आतच येतात, हे नजरेआड करता येत नाही.

मराठी माणसाला यासाठी ग्रीक शिकायची गरज नाही. लग्नातलं सीमांतपूजन हेच करतं. आणि बुलढाणा जिल्ह्यात तर याचं सगळ्यात मोठं रूप दरवर्षी रस्त्यावर दिसतं. गजानन महाराजांची पालखी आषाढी करून पंढरपुराहून परत येते, तेव्हा शेवटच्या टप्प्यासाठी लोक खामगावात गोळा होतात आणि तिच्याबरोबर शेगावपर्यंत चालत येतात. खामगावात कोणी राहायला जात नाही. तिथे जायचं ते परत यायलाच. पौलाचे मेघ मला या खामगावसारखे वाटतात. चित्र असं वाचलं तर प्रश्न ‘आपण इथून कधी सुटणार’ असा राहत नाही. जो येतोय तो इथेच येतोय, आणि मग घर झाडायचं की विकायचं हे ठरवावं लागतं. ज्या घरातल्या विशीतल्या पोराला कोणी तरी सांगितलंय की चार-पाच वर्षांत सगळं आटोपणार, त्या घरात हा फरक अभ्यासकांपुरता राहत नाही. त्याच्या फीचा, बहिणीच्या शिक्षणाचा, विहिरीवर घ्यायच्या कर्जाचा तो प्रश्न असतो.

आता यातली खरी गंमत. बुलढाणा, खामगाव, मलकापूर या भागात मिशनचं काम उभं केलं ते ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने. १८८७ मध्ये तिचा पाया घालणारे ए. बी. सिम्पसन ख्रिस्ताची चार रूपं सांगत: तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि येणारा राजा. सगळ्या राष्ट्रांना सुवार्ता पोहोचली की शेवट येईल, हे मत्तयातलं वचन त्यांना कामाच्या आदेशासारखं होतं. म्हणजे वऱ्हाडात माणसं पाठवायची ती राजाचं येणं जवळ आणण्यासाठी. अकोल्यात आधीपासून काम करणारे मार्कस आणि जेनी फुलर हे दांपत्यही या संघटनेत आलं. आणि केलं काय? विसाव्या शतकाच्या तोंडावर दुष्काळ पडले, तेव्हा या घाईतल्या लोकांनी अनाथ मुलं जवळ केली, त्यांना शिकवलं, सुतारकी-शिलाई हाताला दिली. जेनी फुलर यांनी १९०० मध्ये भारतीय स्त्रियांच्या हालांवर पुस्तक लिहिलं, त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. उद्या जग संपणार असं खरंच वाटणारं माणूस अनाथ मुलाला दहा वर्षं शिकवत बसत नाही. त्यांच्या तोंडी डार्बीच्या जवळचं वेळापत्रक होतं, हात मात्र वेशीवर जाऊन परत आणणाऱ्यांचे होते.

याच संघटनेने १९०६ मध्ये एक शहाणपणाचा ठराव केला: येशू हजार वर्षांच्या राज्याआधी स्वतः येणार हे धरायचं; पण ख्रिस्तविरोधी, महासंकट, दानीएलाचं शेवटचं सप्तक, रॅप्चर याबद्दल ज्याला जे वाटतं ते शिकवायची मोकळीक, फक्त त्यावरून वैर नको. आज यूट्यूबवर मराठीत आणि हिंदीत अंतकाळ समजावणाऱ्या किती जणांना हा ठराव माहीत असेल, शंकाच आहे. तिथे खुणा शोधणं चालू असतं. खुणांचंही एक राजकारण असतं. जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं आणि फोटो जगभर फिरले. पुण्याच्या आघारकर संस्थेने कारण दिलं: पाणी कमी, क्षार जास्त, त्यात वाढणारे खारप्रेमी सूक्ष्मजीव. पाणी रक्तासारखं होण्याची चित्रं निर्गम आणि प्रकटीकरण या दोन्ही पुस्तकांत आहेत, त्यामुळे असा फोटो खूण म्हणून सहज खपतो. त्याच जिल्ह्यात मेमध्ये विहिरी तळाला जातात, ती मात्र कोणाला खूण वाटत नाही. रोजचं संकट महासंकटात धरत नाहीत.

मराठी ख्रिस्ती साहित्याने हा तक्ता जवळजवळ बाजूलाच ठेवला, हे मला त्याचं बळ वाटतं आणि उणीवही. सिम्पसन वारले १९१९ मध्ये, आणि नारायण वामन टिळकही त्याच वर्षी. टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांच्या अभंगांतला ख्रिस्त गुरू आहे, माउली आहे, जवळ आहे. तो यायचा राहिलेला नाही. ज्या परंपरेत देवच विटेवर उभा राहून भक्ताची वाट बघतो, त्या परंपरेतून आलेल्या कवीला आकाशाकडे बघत तारखा मोजणं कसं जमावं? पण बाजूला ठेवल्यामुळे एक गोष्ट लिहायची राहिली. ‘लेफ्ट बिहाइंड’ला मराठी उत्तर आलं नाही, आणि ज्यांच्यावर ही कथा प्रत्यक्ष गुजरली त्यांची बाजूही नाही. दुष्काळात अख्खं घर गेलेली आणि मिशनच्या दारात येऊन पडलेली वऱ्हाडातली एखादी मुलगी. पुढे तिला वाचायला आलं, आणि एक दिवस मत्तयाचा चोविसावा अध्याय समोर आला: जात्यावर दोघी, एक नेलेली, एक राहिलेली. तिच्या जात्यावरची दुसरी आधीच गेलेली होती. ती वाचताना तिने स्वतःला दोघींपैकी कुठली मानलं असेल, हे अजून कोणी मराठीत लिहिलेलं नाही.