इराक-युद्धाचा नकाशा : ठिपका आणि प्रमाण

वृत्तपत्रांतील नकाशा हा आतां लेखासोबतचें केवळ चित्र राहिलेला नाहीं. इंटरनेटवर वाचक तो सरकवितो, मोठा करितो, ठिपक्यावर टिचकी मारून त्यामागील नोंद उघडतो. असा नकाशा इतिहासाचें साधन म्हणून कितपत ग्राह्य, हा प्रश्न संशोधकांस टाळतां येणार नाहीं. लंडनच्या 'गार्डियन' पत्रानें ऑक्टोबर २०१० मध्यें प्रसिद्ध केलेला इराकमधील मृत्यूंचा नकाशा यासाठीं येथें परीक्षणास घेतला आहे.

विकिलीक्सनें बाहेर आणलेलीं अमेरिकी सैन्याचीं टिपणें हा त्याचा आधार. २००४ ते २००९ या काळांतील ३,९१,८३२ टिपणांत १,०९,०३२ मृत्यु नोंदले असून, त्यांपैकीं ६६,०८१ नागरिकांचे होत. नुसत्या आंकड्यानें जें कळत नाहीं, तें ठिपक्यांनीं झांकलेलें बगदाद पाहतांच कळतें. हा नकाशाचा मोठा गुण. खबर देणाऱ्यांच्या जिवास अपाय होऊं नये म्हणून टिपणांतील सविस्तर मजकूर पत्रानें वगळला, हा विवेकही स्तुत्य आहे.

दोष आहे तो प्रमाणाविषयींचा. ठिपका पाहून वाचकास वाटतें कीं, येथें माणूस पडला हें आपण प्रत्यक्ष पाहिलें. वस्तुतः येथें प्रत्यक्ष कांहींच नाहीं. आहे तें शब्दप्रमाण, आणि तेंही युद्धांतील एका पक्षाचें. सैनिकांस जें कळलें नाहीं किंवा त्यांनीं जें लिहिलें नाहीं, त्याला ठिपका नाहीं. मे २००४ व मार्च २००९ या दोन महिन्यांचीं टिपणें तर या संग्रहांत मुळींच नाहींत. तेव्हां कोरी जागा म्हणजे तेथें शांतता होती, असें अनुमान करणें सदोष होय. एकाच दरबारच्या अखबारांवरून आपण लढाईचा निर्णय देत नाहीं. तोच न्याय येथें लागू केला पाहिजे. 'इराक बॉडी काउंट' या संस्थेनें आपल्या यादीशीं टिपणें ताडून पाहिलीं, तेव्हां सुमारें १५,००० नागरिकांचे पूर्वीं अज्ञात मृत्यु उजेडांत येतील असा तिचा अंदाज झाला. उलट, यादींतील कित्येक मृत्यु टिपणांत नाहींत. दोन साधनें परस्परांस कशीं पूरक होतात, हें यावरून दिसतें. नोंद कोणाची, हें प्रत्येक ठिपक्याबरोबरच सांगितलें असतें, तर वाचकाचा भ्रम बराच टळला असता.

दुसरा दोष टिकाऊपणाचा. हा नकाशा गूगल कंपनीच्या 'फ्यूजन टेबल्स' या सोयीवर उभारलेला होता. ती सोय कंपनीनें ३ डिसेंबर २०१९ रोजीं बंद केली. शेतांत पुरलेला ताम्रपट शतकांनीं सांपडतो, वाळवी लागलेल्या रुमालांतूनही चार पत्रें हातीं येतात. परक्याच्या घरीं ठेवलेला नकाशा मात्र घरधन्यानें दार लावतांच गेला.

म्हणून अशा नकाशाचा मूळ तक्ता, त्यांतील वर्गवारीचा खुलासा आणि नकाशाचीं स्थिर चित्रें पत्रांनीं वेळींच एखाद्या ग्रंथसंग्रहालयाच्या स्वाधीन करावींत. एवढें झालें, तरच पुढील अभ्यासकास ठिपक्यामागील शब्दाची परीक्षा करतां येईल.