आसवांचे पाचू, घामाचा चिखल

कोलंबियात, बोयाका प्रांताच्या डोंगरात मुसो हे नगर आहे. पाचूंसाठी जगभर गाजलेलं. तिथली एक दंतकथा: आरे देवाने फुरा आणि तेना हे पहिलं जोडपं घडवलं. फुराने परक्या पुरुषाशी संग केला, तेनाने जीव दिला. ती रडली, आसवांचे पाचू झाले. दोघांच्या नावाचे सुळके आजही उभे आहेत, मधून मिनेरो नदी वाहते.

कथा देखणी आहे. मूळची मुसो आदिवासींची. त्यांच्या तोंडी असताना हे डोंगर त्यांचे मायबाप होते. दागिनेवाल्याच्या तोंडी आली आणि तिची जाहिरात झाली. मित्रांनो, आपला आक्षेप कथेवर नाही, तिच्या या वापरावर आहे. पाचू आसवांतून आपोआप झाला म्हटलं, की खणणाऱ्याचा हिशेबच मिटला!

हिशेब असा आहे. मुसोंनी स्पॅनिशांशी वर्षानुवर्षं झुंज दिली. 1559 च्या सुमारास त्यांच्या छाताडावर हे नगर वसलं. मग त्यांनाच वेठीला धरून खाणीत घातलं. ते मेले, खचले, तेव्हा आफ्रिकेतून गुलाम आणले. पाचू समुद्रापार गेला. काही गोव्याच्या पोर्तुगीजांमार्फत मोगलांच्या खजिन्यात पडला. त्या खड्यांचं कौतुक झालं. खणणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत.

विसाव्या शतकातही तेच. मालक खाणं नि अवजारं देई. पगार नाही, सापडलं तर वाटा. ज्यांना तेही नाही ते ‘ग्वाकेरो’. खाणीतून फेकलेला काळा गाळ नदीत चाळायचा, एखादा हिरवा कण लागेल या आशेवर. मालकांच्या टोळ्यांच्या ‘हिरव्या युद्धा’त हजारो माणसं मेली. 1990 मध्ये तह झाला. नंतर परदेशी भांडवल आलं. कामगारांना पगार आला, पण बाहेर पडणारा गाळ आटला. ग्वाकेरोने काय चाळायचं?

आणखी एक. पाचू बाईच्या आसवांचे. पण बाई खाणीत शिरली की पाचू दडतात, हीही तिथलीच समजूत. कित्येक पिढ्या बायका बोगद्याबाहेर. अलीकडे कुठे काहींना खाणीत काम मिळू लागलंय. म्हणजे रडायला बाई चालते, कमवायला चालत नाही. आणि कथेतला दोष कुणाचा? तिचाच. ही चाल ओळखीची वाटते ना?

म्हणून सुंदर गोष्ट हाती आली की तिला आधी एवढंच विचारा: यात घाम कुणाचा, आणि तो पुसला कुणी?