नाव म्हणजे निदान नव्हे

‘इंडियन चाइल्डहुड सिर्‍होसिस’ हे रोगाचे नाव नीट वाचा. रोगी कोणत्या देशातला, कोणत्या वयाचा आणि त्याचे यकृत टणक झाले आहे, एवढे त्यातून कळते. का झाले, ते कळत नाही. एक ते तीन वर्षांची मुले पोट फुगून, कावीळ होऊन काही महिन्यांत दगावत. कागदावर नाव असे, पण आईबापांनी पुढच्या मुलासाठी काय करावे, हे त्या नावात नव्हते.

म्हणूनच पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर केलेले काम शिक्षकांनी समजून घ्यावे असे आहे. या मुलांच्या यकृतात तांबे फार साठते, हे १९७० च्या दशकात दिसले होते. विल्सनच्या रोगातही ते साठते, पण तिथे रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन सहसा कमी असते. इथे तसे नव्हते. मग हे तांबे आले कुठून? शोध स्वयंपाकघरात गेला. १९८३ साली ‘लॅन्सेट’मधील निबंधात त्यांनी बोट ठेवले ते बाळाला लवकर सुरू केलेल्या वरच्या दुधावर आणि ते तापवण्याच्या पितळी भांड्यावर. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कल्हई नसली की तांबे दुधात उतरते आणि दुधातील केसीन त्याला धरून ठेवते. तान्ह्या बाळाचे यकृत जादा तांबे पित्तावाटे पुरेसे बाहेर टाकू शकत नाही.

या निबंधातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट त्याच्या शीर्षकात आहे. तिथे ‘कारण’ म्हटलेले नाही, ‘संभाव्य कारण’ म्हटले आहे. १९८७ साली त्यांनी आजारी मुलांच्या आहाराची तुलना इतर मुलांशी करून आपलाच तर्क पुन्हा तपासला.

तरी उणिवा राहतातच. आहाराची माहिती पालकांच्या आठवणीवर अवलंबून होती, आणि मूल आजारी असलेली आई अधिक खोदून आठवते. दुसरे, पितळ घरोघरी होते, मग मोजकीच मुले का आजारी पडली? ऑस्ट्रियातील टायरॉल भागात अशाच रोगाने १३८ बालके दगावली होती. तिथे दूध तांब्याच्या भांड्यात तापवत. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भांड्याच्या जोडीला आनुवंशिक दोषही असावा असे दिसले. तिसरे, आपल्याकडे रोग ओसरला तेव्हा स्टील आले होते, पण त्याच काळात इतरही बरेच बदलत होते.

आपण मात्र वर्गात ‘पितळेमुळे रोग झाला’ असे एका वाक्यात सांगून मोकळे होतो. त्यात संशोधकांचा ‘संभाव्य’ गळतो आणि दोष आईच्या माथी बसतो. पुरावा अपुरा असूनही भांडे बदलण्याचा सल्ला योग्यच होता, कारण त्यात खर्च थोडा आणि धोका काहीच नव्हता. हा फरक मुलांना कळायला हवा.

जाफराबादसारख्या गावात हा धडा प्रयोगशाळेविना शिकवता येईल. मुलांना घरी आजीला विचारू द्या: दूध कशात तापवत होता? कल्हई किती दिवसांनी करत होता? आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा विचारायला सांगा. दोन्ही वेळची उत्तरे शेजारी लिहिली, की आठवणीचा पुरावा किती भक्कम असतो ते मुलांचे त्यांनाच दिसेल.