कुस्तीचे किताब आणि निकालाची मान्यता : २०२३ या वर्षाचा चिकित्सक परामर्श

प्रस्तावना

२०२३ या एकाच वर्षात ‘महाराष्ट्र केसरी’ हा पुरुष गटातील किताब तीन वेळा बहाल करण्यात आला. जानेवारीत पुण्याच्या कोथरूड भागात, नोव्हेंबरच्या पूर्वार्धात पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत धाराशिव येथे. याच वर्षी मार्च महिन्यात सांगली येथे महिला गटातील पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ ठरली. संख्येच्या अंगाने पाहिल्यास हे वर्ष मराठी कुस्तीच्या भरभराटीचे म्हणावे लागेल. गदा वाढल्या, बक्षिसांत थारसारख्या गाड्या आल्या, प्रेक्षकांची गर्दी झाली. तथापि किताबांची संख्या वाढल्याने किताबाचे मोल वाढते काय, हा प्रश्न याच वर्षाने उभा केला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा परामर्श घेतला असून, किताबाला अर्थ प्राप्त होतो तो पराभूताने आणि प्रेक्षकाने मान्य केलेल्या निकालामुळे, अशी मांडणी केली आहे.

या मांडणीसाठी बारामती तालुक्यातील लोणी भापकर हे गाव दृष्टिबिंदू म्हणून स्वीकारले आहे. मल्लिकार्जुन मंदिर, त्यासमोरील पुष्करणी आणि यज्ञवराहाची मूर्ती यांमुळे हे गाव मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. परंतु येथे त्याचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. तालुक्याच्या पश्चिमेकडील जिरायत पट्ट्यातील हे गाव आहे. उसाच्या बागायती पट्ट्यात मुलाचा खुराक पेलणे आणि अवर्षणप्रवण जिरायत गावात तो पेलणे यांत मोठे अंतर आहे. दूध, तूप, बदाम, तालमीतील वास्तव्य यांवर वर्षानुवर्षे खर्च करणारे शेतकरी कुटुंब शेवटी एका किताबाकडे डोळे लावून असते. त्यामुळे किताबाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न अशा गावासाठी केवळ क्रीडाविषयक राहत नाही. तो घरखर्चाचा प्रश्न होतो.

फडाचा निकष

बारामती, इंदापूर, दौंड या परिसरात, किंबहुना सबंध पश्चिम महाराष्ट्रात, यात्रेतील कुस्त्यांचा फड ही एक स्वयंपूर्ण व्यवस्था आहे. यात्रा कमिटी वर्गणी गोळा करते, जाणते पंच मल्लांची अंगलट पाहून जोड लावतात. लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी प्रारंभ होतो आणि इनामाची रक्कम चढत चढत शेवटच्या कुस्तीपर्यंत पोहोचते. हलगी वाजत असते, फड गच्च भरलेला असतो आणि निकाल सर्वांच्या डोळ्यांदेखत लागतो. पाठ मातीला टेकली की कुस्ती चीतपट झाली. ती टेकली नाही आणि वेळ संपली, तर कुस्ती बरोबरीत सोडविली जाते व इनाम विभागून दिले जाते.

या व्यवस्थेत ‘निकाली कुस्ती’ या शब्दाला विशेष वजन आहे. निकाली म्हणजे जिच्याविषयी पुन्हा बोलावे लागत नाही अशी. फडातील प्रेक्षकाला डावाचे नाव ठाऊक असते. ढाक कोणती, कलाजंग कोणता, घिस्सा कोठे फसला हे तो शेजाऱ्याला सांगू शकतो. म्हणूनच पंचाचा निर्णय हा तेथे एकट्या पंचाचा नसतो, तो सबंध फडाने एकाच वेळी पाहिलेला असतो. प्रातिनिधिक स्पर्धांचे मूल्यमापन करताना हाच निकष लावणे उचित ठरेल.

किताबाची परंपरा

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये झाली. १९६१ मध्ये औरंगाबाद येथे झालेल्या स्पर्धेत दिनकर दह्यारी हे पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. माती विभागातील विजेता आणि गादी विभागातील विजेता यांच्यात अंतिम लढत व्हावी, ही आजच्या स्पर्धेची रचना आहे. या रचनेमागे एक सूत्र आहे. गावची माती आणि ऑलिम्पिकची गादी या दोन परंपरा एका लढतीत एकत्र याव्यात आणि वर्षभरासाठी राज्याला एकच मल्ल मिळावा. नरसिंग यादव यांनी २०११ ते २०१३ आणि विजय चौधरी यांनी २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षे हा किताब मिळविला. त्या त्रिवार यशाचे कौतुक झाले, कारण प्रत्येक वर्षी जिंकण्याजोगी गदा एकच होती.

कोविडमुळे पडलेल्या खंडानंतर एप्रिल २०२२ मध्ये सातारा येथे पृथ्वीराज पाटील यांनी किताब पटकावला. त्यानंतर काही महिन्यांतच भारतीय कुस्ती महासंघाने परिषद बरखास्त केली. शरद पवार दीर्घकाळ या परिषदेचे अध्यक्ष होते. त्यामुळे बारामती तालुक्याच्या दृष्टीने ही घटना दूरची नव्हती. बरखास्तीचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अधिकृत संघटना कोणती, या प्रश्नाचे सावट पुढील सर्व स्पर्धांवर पडले.

२०२३ : तीन गदा, दोन मल्ल

१४ जानेवारी २०२३ रोजी कोथरूड येथे झालेल्या अंतिम लढतीत शिवराज राक्षे यांनी महेंद्र गायकवाड यांना मिनिटाच्या आत चीतपट केले. दोघेही अर्जुन पुरस्कार विजेते काका पवार यांच्या तालमीतील पठ्ठे. गावफडाच्या निकषानुसार ही लढत पूर्णतः निकाली होती. परंतु चर्चा झाली ती तिच्या आधीच्या लढतीची. माती विभागात महेंद्र गायकवाड यांनी सिकंदर शेख यांच्यावर टाकलेल्या बाहेरच्या टांगेला पंचांनी चार गुण दिले. सिकंदर शेख धोक्याच्या स्थितीत गेले होते काय, यावर राज्यभर वाद माजला. मोबाइलवरील चित्रफीत थांबवून, मागे नेऊन ती एक टांग असंख्य लोकांनी तपासली. मोहोळ येथील हमालाचा मुलगा आणि कोल्हापूरच्या गंगावेस तालमीचा मल्ल असलेल्या सिकंदर शेख यांच्या बाजूने मोठी सहानुभूती उभी राहिली.

येथे एक मूलभूत विसंगती लक्षात घ्यावी लागेल. खेळ मातीवर झाला, मात्र त्याचे माप गुणांचे होते. चीतपटीची भाषा समजणाऱ्या प्रेक्षकाला चार गुण की दोन, हा हिशेब परका वाटतो. गुणपद्धती अन्याय्य आहे असे नव्हे. आंतरराष्ट्रीय कुस्ती तिच्यावाचून चालणारच नाही. परंतु तिचे स्पष्टीकरण प्रेक्षकापर्यंत तत्काळ पोहोचले नाही, तर निकाल लागतो आणि मान्यता मात्र मागे राहते. २०२३ च्या जानेवारीत नेमके हेच घडले.

नोव्हेंबरमध्ये फुलगाव येथे सिकंदर शेख यांनी शिवराज राक्षे यांना झोळी डावावर काही सेकंदांत अस्मान दाखविले आणि जानेवारीतील सल जणू भरून काढली. कथा येथे संपली असती, तर वर्षाला एक आकार लाभला असता. परंतु राज्यातील दोन गटांच्या स्वतंत्र स्पर्धा होत्या. त्यामुळे काही दिवसांतच धाराशिव येथे दुसरी स्पर्धा झाली आणि तेथे हर्षवर्धन सदगीर यांना नमवून शिवराज राक्षे पुन्हा महाराष्ट्र केसरी झाले. म्हणजे फुलगावचा पराभूत मल्ल त्याच महिन्यात धाराशिवचा विजेता ठरला. दोन्ही ठिकाणी मल्लांनी घाम गाळला, दोन्ही ठिकाणी प्रतिस्पर्धी तुल्यबळ होते. यात मल्लांकडे बोट दाखविण्यासारखे काही नाही. दोष असेल तर तो एका नावाखाली दोन आखाडे भरविणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

करमणुकीच्या कुस्तीशी तुलना

किताबांची फोड करणे ही गोष्ट दूरचित्रवाणीवरील अमेरिकी व्यावसायिक कुस्तीला नवीन नाही. डब्ल्यूडब्ल्यूई या कंपनीत रोमन रेन्स यांच्याकडे दोन प्रमुख किताब एकवटल्यावर २०२३ मध्ये कंपनीने आणखी एक जागतिक किताब निर्माण केला आणि २७ मे रोजी जेद्दा येथे सेथ रॉलिन्स त्याचे पहिले मानकरी झाले. ८ सप्टेंबर २०२३ रोजी याच कंपनीचा कार्यक्रम हैदराबादमध्ये झाला आणि त्याला भारतीय तरुणांची गर्दी लोटली. तेथे किताब हा कथानकाचा भाग असतो आणि निकाल आधी ठरलेला असतो. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या ग्रंथातील कुस्तीवरील निबंधात अशा कुस्तीला खेळ न मानता दृश्यनाट्य मानले. लढत खरी की ठरविलेली, याची तिच्या प्रेक्षकाला फिकीर नसते, असे त्यांचे निरीक्षण आहे.

मराठी फडाचा प्रेक्षक याच्या नेमका उलट आहे. ठरवून केलेल्या कुस्तीसाठी आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ हा शब्द आहे आणि तो शिवीसारखा वापरला जातो. राजकारणातील साटेलोटे दाखविण्यासाठीही तोच शब्द योजला जातो, यावरून त्यातील तिरस्काराची कल्पना येईल. तेव्हा प्रश्न असा की, अमेरिकी कंपनी किताब वाढविते तेव्हा तो उघड व्यवसाय असतो, त्यात कोणाची फसवणूक नसते. खऱ्या लढतीचा वारसा सांगणारी स्पर्धा एकाच वर्षात एकच नाव तीनदा वाटते तेव्हा मात्र ती आपल्या प्रेक्षकाशी झालेला मूळ करारच मोडते. लढत खरी राहते, पण किताब नाट्याचा भाग होतो. २०२३ चे खरे नुकसान ते हेच.

महिला कुस्ती : उशिरा उघडलेले दार

मार्च २०२३ मध्ये सांगली येथे प्रतीक्षा बागडी यांनी कल्याणच्या वैष्णवी पाटील यांच्यावर मात करून महिला गटातील पहिला महाराष्ट्र केसरी किताब मिळविला. पुरुषांची पहिली स्पर्धा १९६१ ची, हे ध्यानात घेतल्यास या दाराला बासष्ट वर्षे कडी होती. गावफडाचा गौरव करणाऱ्या प्रत्येक लेखनाने ही बाब नोंदविणे आवश्यक आहे. कारण निकालाची सार्वजनिकता हा फडाचा गुण असला, तरी त्या ‘सार्वजनिकते’त स्त्रिया बहुतांशी नव्हत्या.

दुसरीकडे, पुण्यातील अंतिम लढतीला महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष बृजभूषण शरण सिंह उपस्थित होते. त्यानंतर चारच दिवसांनी, १८ जानेवारीला, लैंगिक छळाच्या आरोपांवरून त्यांच्याविरुद्ध दिल्लीच्या जंतरमंतरवर विनेश फोगट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया आदी मल्लांनी आंदोलन सुरू केले. ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेने, निवडणुका वेळेत न झाल्यामुळे, भारतीय महासंघाला निलंबित केले. परिणामी सप्टेंबरमध्ये बेलग्रेड येथे अंतिम पंघाल यांनी जागतिक स्पर्धेचे कांस्यपदक जिंकले ते तिरंग्याखाली नव्हे, तर जागतिक संघटनेच्या ध्वजाखाली. २१ डिसेंबरला महासंघाच्या निवडणुकीनंतर साक्षी मलिक यांनी निवृत्ती जाहीर केली. राज्यातील फूट आणि देशातील हे अरिष्ट यांचे स्वरूप भिन्न आहे, त्यांची सरमिसळ करणे योग्य नाही. तरीही दोहोंत एक समान धागा आढळतो. आखाड्यात मल्ल जिंकतो किंवा हरतो, परंतु त्या जय-पराजयाला नाव आणि ध्वज देणारी संस्थाच डळमळीत असते.

फडाच्या मर्यादा

गावफडाचा निकष स्वीकारताना त्याचे उदात्तीकरण टाळले पाहिजे. फडात वजनगट नसतात, जोड लावताना ओळखीपाळखी चालतात, दुखापतीनंतर मल्लाची जबाबदारी कोणी घेत नाही आणि नुरा कुस्तीची कुजबुज तेथेही असतेच. आंतरराष्ट्रीय पदकाचा मार्ग गादीवरूनच जातो. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी मिळविलेले कांस्यपदकही गादीवरचेच होते. म्हणून ‘माती की गादी’ हा पर्याय मुळातच चुकीचा आहे.

तथापि मल्लाच्या उपजीविकेचा विचार करता फड टाळता येत नाही. महाराष्ट्र केसरीचा किताब मिळाला की यात्रेतील शेवटची कुस्ती त्या मल्लाची होते आणि इनाम वाढते. किताब ही अशा प्रकारे मल्लाच्या बाजारातील पत आहे. एकाच नावाचे अनेक मानकरी झाल्यास ही पत विभागली जाते. तिचा पहिला फटका बसतो तो किताबाच्या पायरीवर उभ्या असलेल्या, अद्याप नाव न झालेल्या मल्लाला. लोणी भापकरसारख्या गावातील पालकाने मुलाला तालमीत धाडताना कोणत्या स्पर्धेचे स्वप्न दाखवावे, हेच अनिश्चित होते.

समारोप

२०२३ ने उभा केलेला प्रश्न त्या वर्षाबरोबर संपला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाले. त्या स्पर्धेत पाठ टेकली की नाही या वादातून शिवराज राक्षे यांनी पंचांना लाथ मारली, अंतिम लढतीतही वाद झाला आणि राक्षे व महेंद्र गायकवाड या दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. पंचांवर हात उगारणे असमर्थनीयच आहे. परंतु पाठ टेकली की नाही, हा फडातील सर्वांत सोपा प्रश्न राज्याच्या सर्वोच्च स्पर्धेत सर्वांत अवघड व्हावा, हे चिंतनीय आहे. पुढच्याच महिन्यात त्याच जिल्ह्यातील कर्जत येथे दुसऱ्या स्पर्धेत वेताळ शेळके हेही महाराष्ट्र केसरी ठरले.

या विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, किताबाचे मोल गदेच्या चांदीत वा बक्षिसाच्या गाडीत नसून त्याच्या एकमेवतेत असते. संघटनांनी आपला वाद न्यायालयात वा निवडणुकीत सोडवावा, मल्लाच्या खांद्यावर नव्हे. दुसरी, गुणांची पद्धत ठेवायची तर प्रत्येक वादग्रस्त निर्णयाची चित्रफीत जागेवरच प्रेक्षकांना दाखवून पंचांनी कारण सांगितले पाहिजे. फडाने शेकडो वर्षे जे उघड्या डोळ्यांनी साधले, ते तंत्राच्या साह्याने साधता येईल. तिसरी, महिलांची स्पर्धा हा जोडकार्यक्रम न राहता राज्य स्पर्धेचा समान दर्जाचा भाग झाला पाहिजे.

यात्रेतील पंच दोन्ही मल्लांचे हात धरून निकाल देतो, तेव्हा हरलेला मल्लही त्याच फडात उभा असतो आणि विजेत्याला मिठी मारतो. त्या मिठीने कुस्ती पूर्ण होते. २०२३ मध्ये गदा तीन दिल्या गेल्या. हरलेल्या मल्लानेही आपली मानावी अशी एक गदा देणे, हे राज्याच्या कुस्ती संघटनांपुढील खरे काम आहे.