लॉटरीच्या आधीचा आणि नंतरचा गियोमँ

नोकरी सोडून निसर्गचित्रकार व्हायचं, हे स्वप्न आपल्याकडे बरेच जण बाळगून असतात. निवृत्त व्हायचं, रंगपेटी घ्यायची आणि वाईच्या घाटावर जाऊन बसायचं. त्यामागचा हिशेब सरळ असतो. नोकरीनं वेळ खाल्ला, ती सुटली की चित्र सुधारणार. हा हिशेब तपासून पाहायला मला आर्माँ गियोमँ हा माणूस फार उपयोगी वाटतो.

गियोमँ १८४१ चा, पॅरिसचा. आधी काकांच्या दुकानात, मग रेल्वे कंपनीत नोकरी. चित्रकला शिकताना पिसारो आणि सेझान यांची ओळख झाली. १८६८ मध्ये त्यानं पूल आणि रस्ते खात्यात रात्रीचं काम धरलं. का? तर दिवसाचा उजेड चित्रासाठी मोकळा राहावा म्हणून. इम्प्रेशनिस्टांच्या १८७४ च्या पहिल्या प्रदर्शनात तो होता. आणि १८९१ मध्ये, पन्नाशीला, त्याला एक लाख फ्रँकची लॉटरी लागली! त्यानं नोकरी सोडली आणि १९२७ मध्ये मरेपर्यंत निसर्गचित्रं काढली.

आता चित्रांकडे या. १८७४ च्या त्या प्रदर्शनात त्याचं ‘इव्रीचा सूर्यास्त’ होतं. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. नारिंगी, पिवळं आकाश, खाली सेन नदी आणि काठावर धूर सोडणाऱ्या चिमण्या. गंमत अशी, की धुरानं सूर्यास्त बिघडत नाही. धूर त्या आकाशाचाच एक भाग होऊन जातो. त्याच्या त्या काळातल्या इतर चित्रांतही धक्के, पडाव, वाळू उपसणारे मजूर दिसतात. सहलीला आलेला चित्रकार चिमण्या टाळून झाडं शोधतो. गियोमँला त्या टाळाव्याशा वाटल्या नाहीत, कारण शहराचा हा कष्टाचा काठ त्याच्या रोजच्या जगण्यातला होता. बेर्सीच्या धक्क्यावरचं त्याचं एक चित्र खुद्द सेझाननं समोर ठेवून पुन्हा रंगवलं, यावरून काय ते समजा.

लॉटरीनंतर तो लांब गेला. समुद्रकाठी आगे इथले तांबडे खडक, आणि क्रूज नदीच्या खोऱ्यातलं क्रोझाँ गाव. रंग पेटले, जांभळा आणि नारिंगी समोरासमोर आले. पुढच्या फोव्ह चित्रकारांशी समीक्षक त्याचं नातं जोडतात ते याच रंगांमुळे. पण खरं सांगू? यातली बरीच चित्रं मला सुंदर जागांची सुंदर चित्रं वाटतात, त्यापलीकडे जात नाहीत. खडक आहे, पाणी आहे, पण तिथे कुणाचं काही अडलेलं नाही. इव्रीच्या चित्रात जो ताण होता, तो सैल पडतो.

मग लॉटरी वाईट का? तसं मी म्हणणार नाही. दोन्ही वेळचं पोट भरण्याची चिंता काय असते, हे व्याख्यानाच्या खुर्चीवरून सांगणं सोपं आहे. शिवाय क्रोझाँची थंडीतली चित्रं पाहा. पहाटेचं दव गोठलेलं, उतारावर पांढरा थर आणि सावलीत निळा. ही चित्रं उभी राहतात. का? कारण तिथे तो पाहुणा राहिला नाही. वर्षानुवर्षं त्याच नदीच्या त्याच वळणावर, त्याच किल्ल्याच्या पडक्या भिंतींसमोर, हजेरी लावावी तसा तो जात राहिला.

माझं म्हणणं एवढंच. नोकरी वेळ घेते हे खरं, पण ती डोळाही घडवते. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला नदी दिसते तशी मला दिसणार नाही. तो निवृत्त होतो, चित्रं काढायला बसतो, आणि धरण, कालवा, पंपघर सगळं वगळून एक होडी आणि एक नारळ काढतो. आयुष्यभर जे पाहिलं तेच चित्राबाहेर! यात वेळ मिळाला, पण विषय हातचा गेला.

तेव्हा गियोमँची दोन चित्रं शेजारी ठेवून पाहा, एक इव्रीचं आणि एक आगेच्या खडकांचं. कुठलं जास्त रंगीत आहे, हे लगेच कळेल. कुठल्या जागेला चित्रकार आतून ओळखतो, ते जरा थांबून पाहा. एवढं बोलून थांबतो.