बॅले आला, तालीम राहिली

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी बोईसरच्या माझ्या घरी एक मुलगा आला. वय एकोणीस. तारापूर औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर पॅकिंगचे काम करतो. घर रेल्वेलाइनच्या पूर्वेला, एका वारली पाड्यावर. त्याचे वडील आणि मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये बारा वर्षे बरोबर होतो, म्हणून मी त्याचा काका. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘ये बॅले’ हा चित्रपट त्यावर मध्येच थांबवलेला होता. “काका, तुम्ही पुस्तकं वाचता. हे खरं आहे का? मला जमेल का?” त्याच्या वडिलांचा फोन आदल्या दिवशीच येऊन गेला होता : “साहेब, पोराला जरा समजवा.” काय समजवायचे ते मात्र त्यांनी सांगितले नव्हते.

मी नृत्याचा जाणकार नाही. शिक्षण बारावीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, रद्दीच्या दुकानांत आणि रात्रपाळीच्या मधल्या वेळात. हा विषय मला कोणा मार्गदर्शकाने दिलेला नाही, या मुलाने दिला. त्याला उत्तर द्यायचे म्हणून दोन चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिले, हाताला लागली ती पुस्तके चाळली, आणि एक गोष्ट ध्यानात आली. बॅले हा शब्द आपण केव्हाच घेतला, पण त्या शब्दाच्या पोटात जी रोजची तालीम आहे ती घेतली नाही. शब्दाबरोबर खेळ आला, खेळाआधीची वर्षे आली नाहीत. एकोणीस वर्षांच्या मुलाला त्याच वर्षांबद्दल विचारायचे होते.

मराठीत बॅले म्हणजे काय, हे शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका पाहिली की कळते. शेवटून दुसऱ्या ओळीत ‘रामायण (बॅले)’ असे छापलेले असते. म्हणजे पुष्कळ मुले, ध्वनिमुद्रित गाणी, संवाद नाहीत, शेवटी सगळे मिळून आरतीसारखी एक रचना. हा अर्थ चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. त्यामागे मोठी माणसे आहेत. उदयशंकर १९२३ साली लंडनमध्ये ॲना पाव्हलोव्हाबरोबर राधा-कृष्ण नाचले, पण पाव्हलोव्हाच्या पायांचे तंत्र त्यांनी उचलले नाही. कथा समूहनृत्यातून उभी करण्याची कल्पना मात्र त्यांच्या कामात पुढे वाढत गेली. त्यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात काम केलेले शांती बर्धन पुढे मुंबईत आले, अंधेरीत ‘इप्टा’च्या केंद्रीय पथकाचे नृत्य त्यांनी बसवले, आणि १९५२ मध्ये ‘लिटल बॅले ट्रूप’ उभी केली. सचिन शंकर यांचे बॅले युनिट मुंबईचेच. तंजावरच्या सरफोजीराजांची मराठी निरूपणे भरतनाट्यात उभी करणारे आचार्य पार्वतीकुमार यांनीही बॅले बसवले. यांपैकी कोणाच्याही बॅलेत फ्रेंच पद्धतीचे एक पाऊल नव्हते, आणि त्यांना ते नकोच होते.

पण शांती बर्धन यांचे ‘रामायण’ घ्या. त्यात माणसे कठपुतळ्यांसारखी चालतात. मान वळते तेव्हा खांदा वळत नाही, हात कोपरातून लटकतो, पाऊल लाकडासारखे पडते. हाडामांसाच्या माणसाला दीड-दोन तास लाकूड होऊन राहायचे असेल तर रोज किती घाम गाळावा लागत असेल? क्षयाने फुप्फुस निकामी झालेला माणूस हे बसवत होता, आणि १९५४ मध्ये तो गेला. पुढे ही मंडळी ग्वाल्हेरला आणि तिथून भोपाळला गेली, देशोदेशी दौरे केले. माझ्या वाचनात जे आले त्यात पथकाची राजकीय बांधिलकी आहे, लोककलेचा शोध आहे, गुल बर्धन यांची निष्ठा आहे. सकाळी किती वाजता उठायचे, पाय सुजला की काय करायचे, दौऱ्यावर निघण्याआधीचे दोन महिने कसे जायचे, हे फार थोडे. आपण कलावंताचे विचार लिहितो, त्याच्या घोट्याबद्दल लिहीत नाही.

आणि गंमत अशी की शब्द आपल्याकडे होता. तालीम. कुस्तीची लाल माती जिथे असते तीही तालीम आणि नाटक जिथे बसते तीही तालीम. तमाशाचा फड दसऱ्याला बाहेर पडण्याआधी करतो तीही तालीमच. अंग कमावणे आणि खेळ बसवणे या दोन गोष्टी मराठीने एकाच शब्दात ठेवल्या आहेत. बॅलेचा वर्ग नेमका तसाच असतो. पण ‘बॅलेची तालीम’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्नेहसंमेलनाआधीचा शनिवार उभा राहतो.

आता चित्रपटाकडे येतो. ‘ये बॅले’ फेब्रुवारी २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला. दिग्दर्शन सूनी तारापोरवाला यांचे. ‘सलाम बॉम्बे’ची पटकथा लिहिणाऱ्या त्याच. आधी त्यांनी याच विषयावर एक छोटा माहितीपट केला होता. कथा दोन खऱ्या मुलांवर बेतलेली आहे : मनीष चौहान आणि अमीरुद्दीन शाह. मुंबईतली गरीब घरची मुले, येहुदा माओर नावाचा उतारवयाचा इस्रायली शिक्षक, आणि पुढे परदेशातल्या शाळा. अमीरुद्दीनला २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. चित्रपटात शिक्षकाचे काम ज्युलियन सँड्स यांनी केले आहे, आसिफ झालेला अचिंत्य बोस अभिनेता-नर्तक आहे, आणि निशूच्या भूमिकेत स्वतः मनीष आहे.

चित्रपट प्रामाणिक आहे, हे आधी सांगतो. मुंबईत बॅले नव्हताच असे नाही. तुश्ना डल्लास यांची शाळा १९६६ पासूनची आहे. पण तो बहुतेक दक्षिण मुंबईतल्या, ऐपतदार घरच्या मुलींचा छंद होता. टॅक्सीवाल्याचा मुलगा त्यात शिरला की काय काय आडवे येते ते तारापोरवाला यांना नीट दिसते. बापाची भीती, नात्यातल्या माणसांचा धर्माचा धाक, फी, पासपोर्ट आणि व्हिसा. व्हिसा नाकारला जातो तो भाग मला सर्वांत खरा वाटला. कागद नसणे म्हणजे काय, हे आमच्या वसाहतीतल्या कोणत्याही कंत्राटी कामगाराला समजावून सांगावे लागत नाही.

जिथे तालीम यायला हवी तिथे मात्र गाणे येते. घाम, आरसा, पडणे, उठणे, पुन्हा आरसा, आणि गाणे संपते तेव्हा मुलगा तयार. हिंदी चित्रपटाची ही जुनी सवय आहे, पहिलवान असो की क्रिकेटपटू. पण बॅलेच्या बाबतीत तिने खोटी वजने दिली जातात, कारण बॅलेत प्रश्नच वर्षांचा आहे. मांडी खुब्यातून बाहेरच्या बाजूला फिरवून उभे राहायचे, हा त्या नृत्याचा पाया. म्हणून तिकडे मुले आठ-दहाव्या वर्षापासून बसवतात, हाडे तेव्हा ऐकतात. मनीषने सुरुवात केली ती मिसरूड फुटल्यावर. जे त्याने केले ते चमत्कारासारखे आहे, आणि चमत्कार तीन मिनिटांच्या गाण्यात दाखवला की तो नियम वाटू लागतो. माझ्यापुढे बसलेल्या मुलाने मोजून ठेवले होते : “दोन वर्षं धरली तर एकविसाव्याला होईल ना, काका?”

एक गोष्ट चित्रपट न बोलता सांगतो, आणि तिच्याकडे समीक्षकांनी अधिक लक्ष द्यायला हवे होते. मनीष स्वतःच निशू असल्यामुळे सुरुवातीच्या प्रसंगांत त्याला काहीच येत नाही असे वठवावे लागते. कमावलेल्या अंगाने न कमावलेले अंग दाखवायचे. गायकाला बेसूर गाणे जमते, पण ताणायला शिकलेले पाऊल ढिले सोडणे हे त्याहून अवघड असावे. पटकथेतून गळलेली वर्षे त्याच्या अंगात आहेत. त्यासाठी पाय पाहावेत, चेहरा नव्हे.

ती वर्षे पाहायची तर लेस्ली शॅम्पेन आणि पिप गिलमोर यांचा ‘कॉल मी डान्सर’ पाहावा. २०२३ चा हा माहितीपट मनीषबरोबर कितीतरी वर्षे राहतो. इथे परदेशी जाणे हा शेवट नाही, तिथून खरी पंचाईत सुरू होते. दुखापत होते. घरी पैसे पाठवायचे असतात. वय त्याच्या पुढे पळत असते, आणि शिक्षकाला ते शिष्याच्या आधी दिसते. शेवटी त्याला जागा मिळते ती न्यूयॉर्कच्या एका आधुनिक नृत्याच्या कंपनीत, परीकथेतल्या राजपुत्राच्या पोशाखात नव्हे. मला हा चित्रपट अधिक मोठा वाटतो. थोडा लांबतो, मधे शिक्षकाच्या आठवणींत रेंगाळतो, पण काळ म्हणजे काय ते त्याला कळले आहे. त्या मुलाला मी तो दाखवला तेव्हा दुखापतीनंतर तो उठून बाहेर गेला आणि पाणी पिऊन परत आला. “त्याला पगार चालू होता का?” एवढेच त्याने विचारले.

चित्रपटांनी भागले नाही, म्हणून आम्ही वर्ग पाहिले. २०१४ पासून दर वर्षी एक दिवस जगातल्या मोठ्या कंपन्या आपली सकाळची तालीम सगळ्यांसाठी खुली करतात. घराबाहेर पाऊस, आत मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. दांडीला धरून उभे राहिलेले चाळीस-पन्नास नर्तक, त्यांत जगप्रसिद्ध आणि काल आलेले विद्यार्थी एकाच रांगेत, आणि सगळे गुडघे वाकवताहेत. दीड तास. रोज. मुख्य भूमिका करणाऱ्यालाही यातून सूट नाही. मग दिवसभर हंगामाच्या खेळांची तयारी.

हंगाम हा शब्द तिथेही आहे. डिसेंबर आला की ‘नटक्रॅकर’, १८९२ साली पीटर्सबर्गला प्रथम झालेला. अमेरिकेतल्या कित्येक कंपन्यांचे वर्षाचे गणित त्याच्या तिकिटांवर बसते. विद्यार्थ्याला त्यात काय मिळते? उंदीर, शिपाई, बर्फ. आणि आपली जागा पाठ करून भागत नाही, आणखी दोघा-तिघांच्या जागा पाठ ठेवाव्या लागतात, कारण दौऱ्यात कोणाचा तरी घोटा मुरगळतोच. गावोगावचा रंगमंच वेगळा. काल आठ पावलांत मध्यभागी येत होता तो आज सहांतच येतो. युरोपातल्या जुन्या नाट्यगृहांत तर जमीनच प्रेक्षकांकडे उतरती. म्हणून नव्या गावी पोचल्यावर सकाळी रंगमंचावरच सुट्या दांड्या मांडून वर्ग, मग जागा मोजणे, मग खेळ. मुलींचे टोकावर उभे राहायचे बूट कधी कधी एका खेळातच मरतात. हे सगळे ऐकून मुलगा म्हणाला, “म्हणजे शिफ्टच की.” मी इतक्या पानांत जे सांगू पाहतो आहे ते त्याने तीन शब्दांत सांगितले.

मग त्याने वहीत शब्द लिहून मागितले. मी फ्रेंच शब्दकोश घेऊन बसलो आणि चकित झालो. बॅलेची परिभाषा ऐकायला अत्तरासारखी, पण अर्थ सगळे कामगारांचे. प्लिए म्हणजे वाकलेले. तांद्यू म्हणजे ताणलेले, आणि हा तर आपल्या ‘ताण’चा लांबचा भाऊच, दोघांचे मूळ एक. जते म्हणजे फेकलेले, फ्रापे म्हणजे आपटलेले, फाँद्यू म्हणजे वितळलेले. चौदाव्या लुईच्या दरबारात वाढलेले हे नृत्य, आणि शब्द लोहाराच्या भट्टीवर शोभतील असे. आपण ‘बॅले’ एवढा एकच शब्द घेतला आणि हे मागे ठेवले. ते घेतले असते तर परके वाटले नसते.

वाकण्यापाशी एक अडचण आली. त्याला गुडघे वाकवणे शिकवावे लागत नाही. तो तारपा नाचतो. नवे भात आले की भोपळ्याचा, बांबूचा, ताडाच्या पानाचा तो तारपा वाजू लागतो आणि एकमेकांना धरलेली रांग वाजवणाऱ्याकडे पाठ न करता त्याच्या भोवती वळत जाते. तिथे गुडघा वाकतो तो जमिनीत जाण्यासाठी. बॅलेत वाकतो तो जमीन सोडण्यासाठी. तारप्यात वयाची अट नाही, आरसा नाही, आणि निवड होत नाही. हल्ली मात्र त्याच्या पाड्याच्या पथकालाही सुपाऱ्या येतात : महोत्सव, पुढाऱ्यांचे स्वागत, हॉटेलांतले कार्यक्रम. रंगमंचावर वर्तुळ मावत नाही म्हणून आयोजक त्यांना सरळ रांगेत उभे करतात, आणि मग कोणाची ना कोणाची तारप्याकडे पाठ होतेच. दौऱ्याचा हंगाम त्याच्या आयुष्यात आधीच आलेला आहे. त्या तयारीवर लिहिणारा कोणी मला अजून भेटलेला नाही, आणि मीही आजवर लिहिले नव्हते.

श्रावणात तो मुंबईच्या एका वर्गात जाऊन आला. पहाटेची गाडी, शंभरेक किलोमीटर, एक खाडा. शिक्षिकेने पाय पाहिले, वय विचारले आणि सरळ सांगितले की शास्त्रीय बॅलेच्या कंपनीसाठी उशीर झाला आहे, आधुनिक नृत्यासाठी झालेला नाही. आठवड्यातून तीनदा येता येईल का? तीनदा म्हणजे तीन खाडे. मी त्याच्या वडिलांना फोन करून जेवढे शिकलो तेवढे सगळे सांगितले, वय, हाडे, खर्च, आणि हेही की शिक्षिका खोटे बोललेली नाही. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दिवाळीनंतर बघू. आता पथकाचे नऊ कार्यक्रम लागलेत.”

परवा पाड्यावर गेलो होतो. ओट्याच्या बांबूला धरून तो सकाळची तालीम करतो, अर्धा तास, पहिल्या पाळीला जाण्याआधी. वही शेजारी उघडी होती. ‘राँ द जांब’ यापुढे मी ‘पायाचा गोल’ असे लिहून दिले होते. अंगठ्याने त्याने ओट्यावर एक अर्धा गोल काढला, मग त्यावरच दुसरा. आतून आजी ओरडली, “आजच सारवलंय रे!”