निशाणी नांगर

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आपण गरजेपुरत्याच उघडतो. पणजोबाच्या बापाचं नाव सापडलं की मोबाइलवर फोटो काढायचा आणि निघायचं. 2023 साली मराठा आरक्षणाच्या मागणीतून कुणबी नोंदींचा शोध सरकारी पातळीवर सुरू झाल्यापासून तर मोडी जाणणाऱ्यांना मोठी मागणी आली, आणि एका नोंदीसाठी दप्तरंच्या दप्तरं चाळली गेली. त्या शोधामागची निकड मला समजते. पण एकोणिसाव्या शतकातल्या साध्या शेतकऱ्याची कुळी शोधताना हाती येणारं वहीचं पान हा मराठी गद्याचा फार देखणा नमुना आहे, असं माझं ठाम मत आहे. त्याला वाङ्मय म्हणून कुणी वाचत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पानाच्या माथ्यावर गाव. माणूस नंतर येतो. हल्लीचं राहतं गाव आणि मूळ गाव वेगळं असेल तर तेही लिहिलेलं असतं, आणि घराणं कुठून उठून कुठे आलं हे तेवढ्यावरून कळतं. मग यजमानाचं नाव, बापाचं, आजाचं. त्यामागून भाऊ, चुलते, चुलत भाऊ, मुलगे. क्रियापदं जवळजवळ नाहीतच. नुसती नावं एकापुढे एक चालत राहतात, आणि त्यांत हयात असलेले आणि गेलेले एकाच पंगतीत बसतात. घरी गुरं राखायला मागे राहिलेला धाकटा भाऊही तिथे असतो, कारण यात्रेला एकटा आलेला माणूस सगळ्या भाऊबंदांच्या वतीनं बोलत असतो.

या नावांना जो जिवंतपणा आहे तो ती सांगितली गेली त्या वेळेमुळे आला आहे, असं मला वाटतं. श्राद्धात बाप, आजा, पणजा असे तीन पिढ्यांचे पितर नावानं घ्यावे लागतात; आईकडचेही येतात. विधी आटोपून ओल्या धोतरानं उपाध्यायासमोर बसलेल्या माणसाच्या ओठांवर ती नावं नुकतीच येऊन गेलेली असतात. म्हणून ती घरी हाक मारायची तशीच, तोडकी आणि लाडकी, कागदावर उतरतात. लिहिणाऱ्यानं ती शुद्ध करण्याच्या भानगडीत पडू नये, हे आपलं भाग्य. आजाचं नाव नातवाला ठेवायच्या रिवाजामुळे तीच दोन-तीन नावं पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून येतात. शोध घेणाऱ्याची त्यात फसगत होते. ऐकणाऱ्याला मात्र त्यात एक ठेका ऐकू येतो.

आणि मग एक वाक्य येतं, ज्यासाठी मी हे पान पुन्हा पुन्हा वाचतो. आमच्या वंशातला जो कोणी या क्षेत्री येईल तो तुम्हालाच मानील, अशा अर्थाचा तो ठरीव मजकूर आहे. ठरीव असेना! सारं पान मागं वळून गेलेल्यांकडे बघत असताना इथे पहिल्यांदा भविष्यकाळ येतो. दीडशे वर्षांनी वही उघडणारा हाच तो ‘जो कोणी’. मेलेल्या माणसानं न जन्मलेल्याच्या वतीनं शब्द देऊन ठेवला आहे. आपल्या किती कथांमध्ये काळ इतक्या सहज उलटतो?

खाली सही. ज्याला अक्षर येत नाही त्याची निशाणी, आणि कुणब्याची निशाणी म्हणजे नांगर. जुन्या महजरांवर, म्हणजे पंचांच्या निवाड्याच्या कागदांवर, सुताराची, न्हाव्याची आपापल्या हत्यारांची चित्रं दिसतात, बाईच्या नावापुढे बांगडी दिसते, तसा शेतकऱ्याच्या नावापुढे नांगर. लांब इसाड, खाली वळलेला फाळ, वर धरायचा रुमणा: बोरूच्या तीन-चार फटकाऱ्यांत सगळं. कुठे एकाच हातानं ओळीनं सगळ्यांचे नांगर काढलेले असतात. तो हात लिहिणाऱ्याचा. कुठे मात्र एखादा नांगर वाकडा, शाई फुटलेली, रेघ दाबून ओढलेली. तिथे मी थांबतो. ज्याच्या तळहातात खराखुरा रुमणा बसला आहे, त्यानं बोरूही तसाच मुठीत धरला असणार.

याच माणसाबद्दल सरकारी कागद काय बोलतो, तेही शेजारी ठेवून वाचावं. 1836 साली इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची सारा ठरवण्यासाठीची जमीन पाहणी लागू झाली. तिच्यात जमिनीची प्रत आण्यांत ठरे. पावणेदोन हात खोल, एकसारखी काळी जमीन सोळा आण्यांची. खोली घटेल तसे आणे उतरत, एकूण नऊ प्रती. चुनखडीची भेसळ, वाळू, उतार, पाणी साचणं, अशा प्रत्येक दोषाला वेगळी खूण. मातीचं इतकं बारकाईनं केलेलं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही, आणि मोजणीदाराच्या नजरेला मी मनापासून दाद देतो. पण त्या शेतात उभा असलेला माणूस तिथे सर्व्हे नंबरापुढचं खातेदाराचं नाव एवढाच.

घराची सर्वांत भरगच्च माहिती मिळते ती सावकाराच्या कर्जरोख्यात. कर्ज कुणी घेतलं, कोणते भाऊ बांधले गेले, जामीन कोण, गहाण कोणतं शेत, कोणते बैल, उभं पीक किती. कुळी शोधणाऱ्याला याहून मोलाचा कागद नाही, आणि नेमका तोच सापडत नाही. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले, आणि दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरला. माणसांच्या अंगावर त्यांनी हात फारसा टाकला नाही. त्यांना हवे होते सावकारांकडचे रोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे. मिळाले ते त्यांनी जाळले. म्हणून त्या भागातल्या एखाद्या घराण्याच्या कागदांत 1875 च्या आधीचं भगदाड दिसलं, तर त्याला दर वेळी वाळवीच कारण नसते. काही वेळा ते भगदाड पूर्वजानं स्वतःच्या हातानं पाडलेलं असतं. निशाणीच्या नांगराखेरीज त्यानं कागदावर स्वतः केलेलं एवढंच, आणि मला ते कोणत्याही सहीपेक्षा ठसठशीत वाटतं. 1879 चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा त्याच आगीतून निघाला. त्यानंतर शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर होऊ लागला.

मध्ये 1876 ते 1878 चा दुष्काळ. वहीत त्याचा उल्लेख नसतो. पुढच्या खेपेला आलेला मुलगा नावं सांगतो आणि आपण मागच्या यादीशी ताडून बघायची. वहीच्या आणखी एका मौनावर मात्र मी रागावतो. आई आणि बायको तिथे येतात, लेकी जवळजवळ येतच नाहीत. त्यांच्यासाठी तहसील कचेरीतला गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, काढावं लागतं. तिथला मजकूर कोरडा: तारीख, बापाचं नाव, जात, मूल मुलगा की मुलगी, मयताच्या नोंदीत ताप, देवी, पटकी असं एका शब्दाचं कारण. जन्माच्या पुष्कळ नोंदींत मुलीचं नाव नाही, नुसतं ‘मुलगी’. कुळीचा तक्ता मांडताना मी ती जागा कोरी सोडत नाही. भावांच्या ओळीत, जन्माच्या क्रमानं, ‘मुलगी’ असंच लिहितो आणि पुढे नोंदीची तारीख घालतो.